लोसेकमधली गस्त: ईव्ह ऑनलाइनमध्ये चाच्यांविरुद्ध उभं राहायचं असेल तर

दर वर्षी परीक्षा संपल्या की आमच्या डिस्कॉर्डवर दोन-चार नवी मुलं येतात. बहुतेक सांगली-मिरजेची, एखादा कराडचा; मागच्या मे महिन्यात विट्याच्या दोघी बहिणी आल्या. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, चाच्यांना मारायचंय, कुठलं जहाज घेऊ?"

जहाजाचं उत्तर दोन ओळींचं आहे, ते खाली येईलच. पण चाच्यांविरुद्धचा गट जहाजांवर चालत नाही. कुणावर गोळी झाडायची नाही हे ज्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यांच्यावर तो चालतो. हे कळायला आम्हाला दीड वर्ष गेलं आणि त्यात बरीच जहाजं गेली. नव्या माणसाचा तेवढा वेळ वाचावा म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी गाव ओळखा

ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला गेम, 2003 पासून चालू आहे. चीनसाठीचा वेगळा सर्व्हर सोडला तर सगळे खेळाडू एकाच सर्व्हरवर असतात. त्याचं नाव ट्रँक्विलिटी, आणि तो लंडनमध्ये आहे. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे. इतर बऱ्याच गेममध्ये सामना संपला की समोरचा माणूस कायमचा गायब होतो. इथे ज्याने आज तुम्हाला लुटलं तो उद्याही त्याच नावाने, बहुधा त्याच गेटवर, म्हणजे एका सूर्यमालेतून दुसरीत जायच्या दारावर, उभा असतो. तुमचंही नाव तसंच मागे राहतं. अब्रू नावाची गोष्ट या गेममध्ये खरोखर आहे, आणि चाच्यांविरुद्धचं सगळं काम तिच्यावर उभं आहे.

दुसरी गोष्ट नव्यांना पचायला जड जाते. चाचेगिरी हा इथे गुन्हा नाही, खेळाचाच भाग आहे. तुमचं मालवाहू जहाज कुणी फोडून माल नेला तर कंपनीकडे तक्रार करून काही मिळत नाही, कारण त्याने नियम मोडलेलाच नसतो. तिथे पोलीसपाटील हवा असेल तर तो खेळाडूंनीच व्हायचं. बॉट चालवणं, खऱ्या पैशात गेममधल्या वस्तू विकणं, खऱ्या आयुष्यात धमकावणं यांना मात्र बंदी आहे. त्या तक्रारी जरूर करा.

खेळायला साधा पीसी किंवा लॅपटॉप पुरतो. अल्फा क्लोन म्हणजे फुकटचं खातं 2016 पासून मिळतं, आणि गस्तीचं पहिलं वर्ष त्यावर आरामात निघतं. सुरुवातीलाच पैसे भरू नका.

कायदा पाठ करा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्याकडे आलेले निम्मे नवे लोक याच ठिकाणी चुकतात.

प्रत्येक सूर्यमालेला, म्हणजे सिस्टिमला, सुरक्षेचा एक आकडा असतो. 1.0 ते 0.5 म्हणजे हायसेक, 0.4 ते 0.1 म्हणजे लोसेक, शून्य आणि त्याखाली नलसेक. हायसेकमध्ये काँकॉर्ड नावाचे गेमचे पोलीस आहेत. कुणी बेकायदा गोळी झाडली की ते येऊन त्याचं जहाज फोडतातच, सुटका नाही. पण ते येईपर्यंत वेळ जातो: 1.0 मध्ये काही सेकंद, 0.5 मध्ये जवळपास वीस. काँकॉर्ड शिक्षा देतं, वाचवत नाही. वीस सेकंदांत कॅटॅलिस्ट नावाची दहा स्वस्त लढाऊ जहाजं मिळून एक मालवाहू जहाज सहज फोडतात. दहाही जहाजं काँकॉर्डने उडवली तरी मालाची किंमत त्याहून जास्त असेल तर धंदा नफ्यातच राहतो. युडामा ही 0.5 ची सिस्टिम याच धंद्यासाठी बदनाम आहे. म्हणून "हायसेकमध्ये आहे, काळजी नाही" असं म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आम्ही सगळ्यात आधी हा हिशोब सांगतो.

लोसेकमध्ये काँकॉर्ड येत नाही. गेट आणि स्टेशनजवळ तोफा असतात, त्या बेकायदा हल्ला करणाऱ्यावर मारा करतात, बस. टामा आणि रॅन्सर ही लोसेकमधली जुनी बदनाम नावं, एकदा नकाशावर शोधून ठेवा. नलसेकमध्ये तर कायदाच नाही.

आता माणसांचा कायदा. प्रत्येक पायलटचा स्वतःचा एक आकडा असतो, सिक्युरिटी स्टेटस, अधिक दहा ते उणे दहा. सुरुवात शून्यावर. लोसेकमध्ये निरपराधावर हल्ला केला की तो घसरतो, पॉड (जहाज फुटल्यावर पायलट ज्यात उरतो ती कुपी) फोडला की जोरात घसरतो. उणे पाच किंवा त्याखाली गेलेला माणूस आउटलॉ: त्याच्यावर कुणीही, कुठेही, कायद्याने गोळी झाडू शकतो. त्याशिवाय दोन तात्पुरते शिक्के आहेत. सस्पेक्ट आणि क्रिमिनल, दोन्ही पंधरा मिनिटांचे. सस्पेक्टवर कुणीही हल्ला करू शकतो. लोसेकमध्ये एखाद्याच्या जहाजावर बेकायदा हल्ला केला की सस्पेक्ट, पॉड फोडला की क्रिमिनल.

म्हणजे लोसेकमध्ये चाच्यांविरुद्ध लढणाऱ्यासाठी कायदेशीर लक्ष्यं मोजकीच: आउटलॉ, सस्पेक्ट, क्रिमिनल, आणि युद्ध जाहीर झालेलं असेल तर शत्रू गट. बाकी सगळे रस्त्याने जाणारे लोक.

स्क्रीनवर जहाजाच्या गोलाजवळ एक छोटं सेफ्टी बटण असतं. हिरवं असेल तर गेम तुम्हाला बेकायदा काहीही करूच देत नाही. पिवळ्यावर सस्पेक्ट होण्याइतकं करता येतं, लालवर सगळं. आमच्या गटात पहिले तीन महिने बटण हिरवंच ठेवायचं, हा नियम कुणासाठीही वाकवलेला नाही. घाबरटपणा म्हणून नाही. हिरव्या बटणावर आउटलॉ आणि सस्पेक्ट दोघांवरही गोळी झाडता येते, आणि रात्री साडेअकराला डोळे ताठरलेले असताना चुकीच्या नावावर क्लिक झालं तरी हातून पाप घडत नाही.

ओव्हरव्ह्यू म्हणजे उजव्या बाजूची यादी. तिच्या रंगांच्या क्रमात आउटलॉ, क्रिमिनल आणि सस्पेक्ट सगळ्यात वर आणून ठेवा. हे काम पहिल्याच दिवशी करा. लढाईत नाव वाचायला वेळ मिळत नाही, रंग दिसतो.

यादी आणि दस्तक

नलसेकमध्ये कायदा नाही म्हटल्यावर प्रत्येक गट आपला कायदा ठरवतो, आणि तो दोनपैकी एक असतो. बहुतेक गट म्हणतात, "निळा नसेल तर मार": आपला किंवा मित्र नसलेला प्रत्येक जण शत्रू. इंग्रजी अक्षरांत याला एनबीएसआय म्हणतात. दुसरा एनआरडीएस, म्हणजे "लाल नसेल तर मारू नको": ज्याने आधी काही केलंय आणि ज्याचं नाव यादीत आहे तोच शत्रू, बाकीच्यांना वाट मोकळी. क्युरेटोरेस व्हेरिटाटिस अलायन्स या गटाने प्रॉव्हिडन्स भागात अनेक वर्षं हा दुसरा नियम चालवला, त्यामुळे नलसेक असूनही तिथे परके लोक खाणकाम आणि व्यापाराला जात असत.

दुसरा नियम महाग पडतो. पहिली गोळी बहुतेक वेळा तुम्हीच खाता. तरीही चाच्यांविरुद्ध उभं राहायचं असेल तर हाच नियम घ्या असं माझं ठाम मत आहे. ओळख नसलेल्या प्रत्येकाला मारणारा गट आणि चाचा यांत, मार खाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर काय फरक राहिला?

आपल्याकडे याचं उदाहरण साताऱ्याच्या गादीशी जोडलेलं आहे. कान्होजी आंग्रे समुद्रात दस्तक, म्हणजे परवाना, देत. दस्तक असलेलं गलबत निर्धास्त जायचं, नसलेलं पकडलं जायचं. इंग्रजांनी कागदोपत्री त्यांना चाचा म्हटलं. 1713 मध्ये पेशवा झालेल्या बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं आणि साताऱ्याच्या दरबारी ते सरखेलच होते. कुणाचं दस्तक चालतं, कुणाचं नाही, हा प्रश्न मिटला की समुद्रावर सत्ता कुणाची हेही ठरतं. आमच्या गटात एखाद्या व्यापाऱ्याचं नाव निळं केलं की "त्याला दस्तक दिलं" असंच म्हणतात.

यादी कशी ठेवायची ते नीट सांगतो. आमची साध्या गूगल शीटमध्ये आहे. पायलटचं नाव, तारीख, वेळ, सिस्टिम, काय केलं, पुरावा, नाव कुणी टाकलं, आणि पुन्हा कधी तपासायचं. पुरावा म्हणजे झेडकिलबोर्ड या फुटलेल्या जहाजांची यादी ठेवणाऱ्या वेबसाइटवरची नोंद किंवा स्क्रीनशॉट. "मला आठवतंय तोच होता" हा पुरावा नाही. वेळ नेहमी गेमच्या घड्याळाची, म्हणजे यूटीसी लिहा. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. एकाने भारतीय वेळ आणि दुसऱ्याने यूटीसी लिहिली की महिन्याभरात त्या यादीवर कुणाचाच विश्वास राहत नाही.

नाव टाइप करू नका, कॉपी करा. इंग्रजीतला मोठा आय आणि छोटा एल गेमच्या अक्षरांत जुळ्या भावंडांसारखे दिसतात, आणि काही चाचे मुद्दाम तसली नावं घेतात. माझ्या हातून हे झालं आहे. हाताने टाइप केलेलं नाव यादीत गेलं आणि नलसेकमध्ये, जिथे सेफ्टी बटण वाचवायला येत नाही, आम्ही पाच जणांनी मिळून एका निरपराध खाणकामगाराचं जहाज फोडलं. त्याने शिव्या दिल्या नाहीत, फक्त विचारलं, "मी काय केलं होतं?" ते वाक्य अजून कानात आहे. जहाजाची आणि मालाची पूर्ण किंमत आम्ही त्याच रात्री वर्गणी काढून दिली. तेव्हापासून चुकून मारलं तर भरपाई चोवीस तासांच्या आत, हा नियम आहे, आणि यादीत नाव टाकायला दोन माणसांची सही लागते.

यादीतून नाव निघण्याचीही वाट हवी. आमच्याकडे तीन महिन्यांत नवी नोंद नसेल तर नाव आपोआप चर्चेला येतं. अशा वाटेने बाहेर आलेला एक जुना चाचा आज आमच्यासाठी टेहळणी करतो, आणि चाचे कुठे दबा धरून बसतात हे त्याच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नाही.

जहाज

आता ते दोन ओळींचं उत्तर. चार वंशांपैकी तुमचा जो असेल त्याचं स्वस्त फ्रिगेट घ्या: अ‍ॅट्रॉन, रिफ्टर, मर्लिन किंवा पनिशर. एकदम आठ-दहा घेऊन ठेवा, आणि विकत घेतानाच ती गेली असं समजा.

त्यावर वॉर्प स्क्रॅम्ब्लर (समोरच्याला वॉर्प, म्हणजे अतिवेगाची उडी, मारून पळू न देणारं यंत्र), वेग वाढवणारं प्रोपल्शन मॉड्यूल आणि जमलं तर वेब (समोरच्याचा वेग कमी करणारं), एवढं बसवा. तुमचं काम मारण्याचं नाही, धरून ठेवण्याचं आहे. याला टॅकल म्हणतात. डिसरप्टर हा स्क्रॅम्ब्लरचा भाऊ लांबून धरतो, साधा 20 किलोमीटरवरून. स्क्रॅम्ब्लरला साडेसात किलोमीटरपर्यंत जवळ जावं लागतं, पण तो समोरच्याचा मायक्रोवॉर्पड्राइव्हही, म्हणजे वेग वाढवणारं यंत्रही, बंद पाडतो, म्हणून सुरुवातीला तोच. गटाच्या लढाईत निम्म्या वेळा निकाल तुमच्या या स्वस्त जहाजावर ठरतो. मोठ्या तोफा येईपर्यंत चाचा जागेवर राहिलाच नाही तर त्या तोफांचा उपयोग काय?

डोळे आणि कान

टेहळणी हे खरं काम. लढाई आठवड्यातून दोनदा होते, टेहळणी रोज.

लोकल चॅनेलमध्ये त्या सिस्टिममधल्या प्रत्येक पायलटचं नाव दिसतं, तो बोलला नाही तरी. (वर्महोलमध्ये दिसत नाही, तिथे नव्या माणसाने जाऊही नये.) पावसाळ्यात आपण सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी जशी बघतो तसं लोकल बघायचं. पाणी 38 फुटांवर आहे एवढं कळून भागत नाही. चढतंय की उतरतंय, किती वेगाने, आणि वर पाऊस चालू आहे का, हे विचारतो ना आपण? तसंच इथे. लोकलमध्ये बारा जण असणं ही बातमी नाही. दोन मिनिटांत चाराचे बारा झाले आणि नवे आठ एकाच कॉर्पचे, म्हणजे खेळाडूंच्या एकाच संघटनेचे, आहेत, ही बातमी.

मग डी-स्कॅन. 14.3 एयू (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर) अंतरापर्यंत कुठली जहाजं आहेत ते यात कळतं. कोन लहान करत एकेका गेटकडे, लघुग्रहांच्या एकेका पट्ट्याकडे रोखून स्कॅन करायला शिका. याला पंधरा दिवस सराव लागतो, दुसरा उपाय नाही. सांगलीतल्या आमच्या एका सदस्याचा या बाबतीत हात असा बसलाय की तो बोलता बोलता चाचा कुठल्या पट्ट्यात आहे ते सांगतो.

नेहमीच्या प्रत्येक गेटपासून दीड-दोनशे किलोमीटरवर स्वतःच्या खुणा, म्हणजे बुकमार्क, करून ठेवा. तिथे उभं राहून गेट दिसतं, आणि गेटवरच्याला तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. थेट गेटवर कधीही उतरू नका.

बातमी देताना आकडा आधी, भावना नंतर. "अरे खूप आहेत, पळा पळा" याने काही कळत नाही. "टामा, नूर्वुकैकेन गेट, पाच, दोन क्रूझर, एक लॉजी, सगळे आउटलॉ": एवढं बोललात की काम झालं. (लॉजी म्हणजे दुरुस्ती करणारं जहाज.)

माल पोचवणं

माझ्या लेखी हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नव्यांना सगळ्यात कमी आवडणारं. यात किल मिळत नाही. चाचा लांबून बघतो आणि निघून जातो. नवा मुलगा म्हणतो, काहीच झालं नाही. व्यापाऱ्याला विचारा काय झालं ते.

पद्धत साधी आहे. टेहळणीचं जहाज नेहमी एक सिस्टिम पुढे. ते "मोकळं" म्हणेपर्यंत मालवाहू जहाज गेट ओलांडत नाही. गेटमधून पलीकडे आल्यावर जहाज हालचाल करेपर्यंत साठ सेकंद अदृश्य असतं. नवा माणूस घाबरून लगेच हलतो आणि दिसतो. हलू नका. त्या साठ सेकंदांत पुढच्याशी बोला, कुठे काय उभं आहे ते बघा, मग ठरवा.

फ्रेटरसारखं अवजड जहाज वॉर्पमध्ये जायला फार वेळ घेतं, आणि त्या वेळातच मरतं. वॉर्पसाठी जहाजाला आपल्या कमाल वेगाच्या 75 टक्के गाठावे लागतात. यावरची युक्ती म्हणजे सोबतच्या फ्रिगेटने फ्रेटरवरच वेब टाकायचा. वेबने कमाल वेगच खाली येतो, त्यामुळे आहे तोच वेग 75 टक्क्यांच्या वर ठरतो आणि जहाज चटकन निघून जातं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता. अडवायच्या हत्याराने वाट काढून द्यायची! मात्र वेब हेही हत्यारच. फ्रेटर परक्या कॉर्पचा असेल, किंवा आपल्याच कॉर्पमध्ये आपसातला गोळीबार बंद ठेवलेला असेल, तर आधी दोघांत ड्युएल, म्हणजे गेममधलं द्वंद्व, मान्य करून घ्या, नाहीतर हायसेकमध्ये काँकॉर्ड तुम्हालाच उडवेल.

सोबतीचे पैसे घ्यायचे की नाही यावर आमच्यात वाद झाले. शेवटी ठरलं: घ्यायचे, पण आधी ठरवून, सगळ्यांना एकच दर, आणि ज्याने सोबत मागितली नाही त्याच्याकडून एक इस्कही (गेममधला पैसा) नाही. गेटवर थांबून "आम्ही इथे राखण करतो, काहीतरी द्या" म्हणायला सुरुवात केली की तो हप्ता झाला.

सापळा

चाचा हुशार असतो. पाच जण दिसले की तो येत नाही. म्हणून एक जण खाणपट्ट्यात प्रोक्युरर घेऊन बसतो. हे खाणकामाचं जहाज असलं तरी कणखर असतं, भरपूर मार सोसतं. बाकीचे शेजारच्या सिस्टिममध्ये, गेटला लागून, गप्प.

चाचा येतो, हल्ला करतो आणि त्या क्षणी सस्पेक्ट होतो. शिवाय त्याला शेवटच्या गोळीपासून साठ सेकंद गेट ओलांडता येत नाही की स्टेशनात शिरता येत नाही. आमिषाने त्याच क्षणी त्याला स्क्रॅम करायचं आणि एकच शब्द बोलायचा: "धरला." मग एफसी, म्हणजे फ्लीट कमांडर, हुकूम देतो आणि सगळे येतात.

इथे शिस्त तुटते ती उतावीळपणाने. आमिषाने "धरला" म्हणण्याआधीच कुणी तरी आत येतं, लोकलमध्ये नाव चमकतं, आणि अर्धा तास फुकट जातो. एफसीच्या हुकमाआधी गेट ओलांडणाऱ्याला आमच्याकडे पुढची गस्त बाहेर बसून ऐकावी लागते. तुम्हीही सस्पेक्टवर गोळी झाडलीत की तुमच्या दोघांत मर्यादित लढाई सुरू होते, तो तुम्हाला कायदेशीर मारू शकतो, आणि साठ सेकंदांचा तो नियम तुम्हालाही लागतो. "दोन गोळ्या झाडून गेटमधून पळतो" हे जमत नाही.

लॉजी, म्हणजे लढाईत इतरांची दुरुस्ती करणारी जहाजं (नव्यासाठी नॅविटास किंवा इन्क्विझिटर ठीक), यांचा कायदा जरा अवघड आहे. त्या मर्यादित लढाईत नसलेल्या माणसाने आतल्याला दुरुस्ती दिली तर देणाराही सस्पेक्ट होतो. म्हणजे लॉजीला कधी कधी बटण पिवळं करावं लागतं. हा निर्णय एफसीचा, आणि तो अनुभवी माणसापुरताच.

लढाई संपली की मलब्याकडे धावू नका. पिवळा दिसणारा मलबा दुसऱ्याच्या मालकीचा. त्यातलं काही उचललं की तुम्ही सस्पेक्ट. एखाद्या व्यापाऱ्याचा माल वाचला असेल तर त्यालाच बोलावून उचलायला सांगा.

लाईट, नेट आणि घड्याळ

हे बाहेरचे मार्गदर्शक लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितो. लढाईत असताना तुमचं कनेक्शन तुटलं तर जहाज गायब होत नाही. खेळाडूशी लढण्याचा टायमर चालू असेल तर ते पंधरा मिनिटं अंतराळात तसंच राहतं, आणि शोधून काढणाऱ्याला फुकटात मिळतं. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव आला की आपल्याकडे लाईट जाते हे सांगायला नको. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉपची बॅटरी असते, राउटरची नसते. मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून तपासून ठेवा. आभाळ भरून आलं असेल तर आमिष बनू नका, टेहळणी करा.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्यातले सांगलीचे सगळे एकदम बाहेर पडले, घर सांभाळायचं की गेम? तेव्हा यादी एकाच माणसाकडे होती, तोही पाण्यात अडकलेला. म्हणून यादीचे आणि कॉर्पचे अधिकार निदान तीन माणसांकडे, तीन वेगळ्या गावांत असावेत.

सर्व्हर रोज यूटीसी 11 ला, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला देखभालीसाठी बंद होतो. आपली रात्री आठ ते साडेअकरा ही वेळ युरोपात दुपार ते संध्याकाळची. युरोपातली माणसं कामावरून नुकती येत असतात, तोवर रस्ते उघडे पडतात. भारतातल्या छोट्या गटाला खरी किंमत आहे ती याच साडेतीन तासांत. साडेअकराला युरोपातल्या मित्रगटाकडे गस्त सोपवा आणि झोपा. कॉलेजच्या मुलांना रात्री दोनपर्यंत बसू देत नाही आम्ही, आणि यावर चर्चा करत नाही.

माणसं

कॉर्पमध्ये घेताना चौकशी करा. चाच्यांचे हेर नक्की येतात, आणि फार गोड बोलतात. नव्या सदस्याला पहिला महिना कॉर्पच्या हँगरची किंवा तिजोरीची किल्ली नाही. कॉर्पच्या सेटिंगमध्ये आपसात गोळीबार कायदेशीर ठेवायचा की नाही हे ठरवता येतं, बंद ठेवा.

हेरापेक्षा वाईट म्हणजे तुमच्या नावावर लुटणारा. माझे आजोबा कुंडल भागातले. 1943 ते 46 च्या प्रति सरकारच्या गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकल्यात. चळवळीच्या नावाखाली काही दरोडेखोर गावं लुटायला लागले, आणि त्यांचा बंदोबस्त क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनाच करावा लागला, कारण बदनामी त्यांच्या नावाची होत होती. त्या लढ्याची आणि खेळाची बरोबरी मी करणार नाही. पण आमच्यातल्या एकाने गस्तीच्या नावाखाली एका खाणकामगाराकडून पैसे उकळल्याचं कळलं तेव्हा मला आजोबांचीच आठवण झाली. आम्ही त्याला त्याच दिवशी काढलं, पैसे परत केले आणि लोकलमध्ये सगळ्यांसमोर माफी मागितली.

चाच्याशी बोलताना शिवी नाही. देश, धर्म, भाषा यांवरून कुणी डिवचलं तर उत्तर देऊ नका, ब्लॉक करा. लढाई जिंका किंवा हरा, लोकलमध्ये "जीएफ", म्हणजे "गुड फाइट", लिहा. समोरचाही कुठेतरी दिवसभर काम करून खेळायला बसलेला माणूसच असतो. खंडणी मागितली तर आम्ही देत नाही, पॉड गेला तरी चालेल. खरं नाव, फोन, कॉलेज, गल्ली कुणालाही सांगायचं नाही. व्हॉइसवर मुलींचा आवाज ऐकून कुणी वेडंवाकडं बोललं तर तो आमचा असो की परका, स्क्रीनशॉट काढून तक्रार जाते आणि आमचा असेल तर तो तेव्हाच बाहेर.

पहिली रात्र

आठ वाजता या. बटण हिरवं आहे का बघा. फ्रिगेट घ्या, पॉडमध्ये महागडे इम्प्लांट (पायलटची क्षमता वाढवणारे, पॉड फुटला की जाणारे भाग) असतील तर आधी क्लोन, म्हणजे पायलटचं शरीर, बदला. माइक बंद ठेवून पहिला तास फक्त ऐका. नऊनंतर तुम्हाला एक गेट दिलं जाईल. तिथल्या खुणेवर उभं राहून लोकल आणि डी-स्कॅन सांभाळायचं. बहुतेक काही होणार नाही.

साडेअकराला वहीत नोंद करायची. आमच्या वहीत किलचा रकाना नाही. तारीख, यूटीसी वेळ, सिस्टिम, किती निघाली, किती पोचली. पहिल्या पानावर लिहिलंय: चार निघाली, तीन पोचली. चौथ्याच्या मालकाला आम्ही दुसऱ्या दिवशी नवं जहाज दिलं, आणि त्याने ते घेऊन पुन्हा तीच वाट धरली. त्या खेपेला पुढे टेहळणीला मी होतो.